कच्च्या वाटेसाठी पहिली ई-सायकल घेताना

ई-सायकलच्या जाहिरातीत तीन आकडे ठळक छापलेले असतात: मोटर किती वॉटची, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर आणि जास्तीत जास्त वेग किती. सुटीच्या सकाळी झाडीतल्या पायवाटेने किंवा तळ्याकाठच्या मुरमाड रस्त्याने निवांत फिरायचं असेल, तर या तिन्हींचा उपयोग बेताचाच. अशा वाटेवर वेग ताशी १०-१५ किलोमीटरच्या वर फारसा जात नाही. कसोटी लागते ती सायकल हळू चालत असताना: अरुंद वळणावर, सुट्या खडीच्या उतारावर, मुळांमधून चढताना. म्हणून बजेट मर्यादित असेल तर एकच गोष्ट धरून ठेवा, हळू चालताना सायकल तुमचं किती ऐकते. पुढचा सगळा हिशेब त्यावरच बेतलेला आहे.

आधी वाट ठरवा

तुम्ही खरोखर कुठे चालवणार आहात? 'कधीतरी डोंगरातही जाईन' यातल्या 'कधीतरी'पायी लोक भरपूर जास्तीचे पैसे मोजतात आणि ती सायकल वर्षभर सपाटीवरच फिरते. ज्या दोन-तीन वाटांवर तुम्ही नेहमी जाणार आहात, त्या एकदा चालून बघा. सर्वांत मोठा चढ किती लांब आहे, जमीन घट्ट आहे की वाळूची, मध्ये पायऱ्या किंवा ओढे आहेत का, एवढं समजलं तरी अर्धी निवड होते.

मग सायकलच्या माहितीपुस्तिकेत वापराचा वर्ग शोधा. एएसटीएम एफ२०४३ या मानकात सायकलींची अशी वर्गवारी केलेली आहे. वर्ग १ म्हणजे फक्त पक्का रस्ता. वर्ग २ मध्ये कच्चे रस्ते, खडी आणि बेताचे चढउतार येतात, आणि चाक साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत खाली आदळलं तरी चालतं. वर्ग ३ खडबडीत वाटांसाठी असतो. त्यात ही मर्यादा सुमारे ६० सेंटिमीटर आहे. निवांत फिरणाऱ्याला वर्ग २ पुरतो, दगड आणि मुळं जास्त असतील तर ३ घ्यावा. फोटोत जाडजूड टायर आणि मागे डोंगर दिसला म्हणून फसू नका. पुस्तिकेत बारीक अक्षरात 'फक्त पक्क्या रस्त्यासाठी' असं लिहिलेलं असू शकतं, आणि वॉरंटी फोटोवर चालत नाही.

त्याच पुस्तिकेत एकूण वजनाची मर्यादाही असते. ती नीट वाचा. मर्यादा १२० किलो असेल आणि त्यात सायकलचं वजन धरलेलं असेल, तर २७ किलोच्या सायकलवर चालक आणि सामान मिळून ९३ किलोच उरतात.

आणि कायदा. युरोपीय संघात मोटर जास्तीत जास्त २५० वॉटची, पायडल मारतानाच मदत देणारी आणि ताशी २५ किलोमीटरला ती मदत थांबवणारी असेल, तर ई-सायकलला सायकलच समजतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात फक्त पायडल मारल्यावर ताशी ३२ किलोमीटरपर्यंत मदत मिळते, दुसऱ्यात पायडल न मारता सायकल पळवणारा थ्रॉटल चालतो आणि तिसऱ्यात मदत ताशी ४५ पर्यंत जाते. रस्त्यावर चालणारी सायकल पायवाटेवर चालेलच असं नाही. कित्येक वाटांवर थ्रॉटलला मनाई असते, काही ठिकाणी मोटर असलेल्या कुठल्याही वाहनाला. तुमच्या वाटेचा नियम पैसे देण्याआधी विचारा.

मोटर चाकात की पायडलपाशी

स्वस्त ई-सायकलींत मोटर बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. महाग सायकलींत ती पायडलच्या दांड्यापाशी असते, तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. दुकानात दोन्हींचे न्यूटन-मीटर, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे (टॉर्कचे) आकडे, शेजारी शेजारी ठेवून तुलना करून दाखवतात. ती तुलना फसवी आहे.

हब मोटरचे ४५ न्यूटन-मीटर थेट चाकावर मिळतात, गिअर कुठलाही असो. मिड-ड्राइव्हचे ६० न्यूटन-मीटर चेनमधून जातात, त्यामुळे गिअर बदलला की चाकावरचा जोर बदलतो. पुढे ३२ दात आणि मागे ४६ दातांचं मोठं चक्र असेल, तर चाकावर सुमारे ८६ मिळतात. मागे ११ दातांवर गेलात तर जेमतेम २०. म्हणजे मिड-ड्राइव्ह घेऊन चढावर गिअर उतरवायला विसरलात तर जास्तीचे पैसे वाया.

आता गरज किती ते पाहू. चालक, सायकल आणि पिशवी मिळून ११० किलो धरा. शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या कच्च्या वाटेवर एवढं वजन पुढे ढकलायला साधारण १३०-१३५ न्यूटन जोर लागतो. ४५ न्यूटन-मीटरची हब मोटर मध्यम आकाराच्या चाकावर १२८ न्यूटनच्या आसपास देते. तुम्ही थोडे पाय मारले की चढ निघतो. त्याहून उभा चढ असेल तर तुमच्या मांड्यांना काम करावं लागेल, पण दोनशे मीटर लांबीच्या टेकाडासाठी मिड-ड्राइव्हची गरज नाही.

हब मोटरची अडचण लांब चढावर येते. वेग ताशी ७-८ किलोमीटरवर आला की मोटर तिच्या सोयीच्या फेऱ्यांपेक्षा फार हळू फिरते आणि बॅटरीतून येणाऱ्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. असा चढ दोन-तीन किलोमीटर चालला की मोटर चांगलीच तापते. मिड-ड्राइव्हमध्ये गिअर उतरवला की चाक हळू आणि मोटर जोरात फिरते, म्हणून ती दमत नाही. त्या बदल्यात चेन आणि मागची चक्रं लवकर झिजतात.

माझं मत सरळ आहे. वाटेवर छोटे चढउतार असतील तर गिअरवाली (मोटरच्या आतच गिअर असलेली) हब मोटर घ्या आणि वाचलेले पैसे ब्रेक आणि सेन्सरवर घाला. लांब, उभे चढ रोजचे असतील तर मिड-ड्राइव्हशिवाय पर्याय नाही. बजेट अपुरं असेल तर विक्रेत्याने तपासून दिलेली वापरलेली सायकल बघा, पण तिची बॅटरी किती वर्षांची आहे हे विचारून. पुढच्या चाकात मोटर असलेली सायकल कच्च्या वाटेसाठी नकोच. सुट्या खडीवर, त्यातही चढावर, पुढचं चाक जागच्या जागी फिरतं आणि हँडल हातातून निसटतं.

वॉटचा आकडा तर छापायला सर्वांत स्वस्त. काही जण सतत मिळणारी ताकद लिहितात, काही क्षणभर मिळणारी. विचारायचंच असेल तर कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग, किती अँपिअरचा आहे ते विचारा. ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअर म्हणजे बॅटरीतून जास्तीत जास्त साधारण ५४० वॉट निघणार, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

सेन्सर: इथे काटकसर नको

पायडल फिरतंय हे मोटरला कळतं कसं? स्वस्त सायकलींत पायडलच्या दांड्यावर लोहचुंबकांची एक चकती असते. दांडा फिरला की सेन्सरला कळतं आणि मोटर ठरलेला जोर लावते. तुम्ही जीव खाऊन पाय मारताय की नुसते फिरवताय, तिला फरक पडत नाही. याला कॅडन्स सेन्सर म्हणतात. दुसरा टॉर्क सेन्सर. तो पायांचा दाब मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो.

पक्क्या रस्त्यावर कॅडन्स सेन्सरने काही बिघडत नाही. कच्च्या वाटेवर मात्र बघा काय होतं. अरुंद वळणावर तुम्ही तोल सांभाळायला पायडल अर्धा फेरा फिरवता. मोटर क्षणभर गप्प राहते आणि मग, तुम्ही वळणाच्या ऐन मध्यावर असताना, एकदम धक्का देते. पाय थांबवले तरी ती आणखी अर्धा-एक सेकंद ढकलत राहते. चढावर थांबून पुन्हा निघताना याच्या उलट: जोर हवा असतो तेव्हाच मिळत नाही, कारण पायडल अजून पुरेसं फिरलेलं नसतं. नवशिके वाटेवर पडतात ते बऱ्याचदा अशाच ठिकाणी, वेगामुळे नव्हे.

टॉर्क सेन्सर असलेल्या हब मोटरच्या सायकली आता मध्यम किमतीतही मिळतात. दोन सायकलींत एकीची बॅटरी मोठी आणि दुसरीला टॉर्क सेन्सर असेल, तर मी डोळे झाकून दुसरी घेईन. कॅडन्स सेन्सरचीच परवडत असेल तर निदान एवढं पाहा: ब्रेकच्या दांड्यांत मोटर तोडणारा स्विच हवा, आणि मदतीची सर्वांत खालची पातळी खरोखर सौम्य हवी.

गिअरचं छोटं गणित

हे कुणी करत नाही, पण दोन मिनिटांत होतं. पुढचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दात. स्वस्त ई-सायकलींत पुढे ४२ आणि मागे २८ असं असतं, उत्तर १.५. साडेसत्तावीस इंची चाकावर मिनिटाला ६० फेरे आरामात मारले तर या सर्वांत हलक्या गिअरमध्येही तुम्ही ताशी १२ किलोमीटरने जात असता. उभ्या चढावर एवढा वेग ठेवता येत नाही, मग फेरे कमी होतात, गुडघे कुरकुरतात. पुढे ३६ आणि मागे ३४ असेल तर तोच आरामाचा वेग साडेआठच्या आसपास येतो. गुणोत्तर १ च्या जितकं जवळ, तितकं बरं. गिअर सात आहेत की नऊ, हे त्यानंतर.

ब्रेक

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क. बजेटमध्ये बसत असेल तर विचार करू नका. पंचवीस किलोची सायकल लांब उतारावर एका बोटाच्या दाबाने आवरता येते, आणि हात आखडत नाहीत. वायरवाले डिस्क ब्रेकही चालतात, पण पॅड झिजतील तसे ते पुन्हा पुन्हा कसावे लागतात. डिस्क निदान पुढे तरी १८० मिलिमीटरची असावी. रिमला घासणारे रबरी ब्रेक चिखलात भिजले की भरवशाचे राहत नाहीत, एवढ्या वजनाला तर नकोतच.

बॅटरी मोजायची कशी

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. ३६ व्होल्ट, १३ अँपिअर-तास असेल तर ४६८ वॉट-तास. तुलना करायची ती याच आकड्याने. नुसते व्होल्ट किंवा नुसते अँपिअर-तास सांगणाऱ्याला दुसरा आकडा विचारा.

कच्च्या वाटेवर मध्यम मदतीने किलोमीटरला १२ ते २० वॉट-तास जातात. सरासरी १५ धरले तर ४६८ मध्ये ३१ किलोमीटर. त्यातला पाचवा हिस्सा परतीच्या अडीअडचणीला राखून ठेवा, उरले २५. जाहिरातीत याच बॅटरीला ८० किलोमीटर लिहिलेले असतील. ते खोटं असतं असं नाही. हलका चालक, सपाट रस्ता, सर्वांत खालची मदत आणि वारा पाठीशी असा तो हिशेब असतो.

चढाचा हिशेब वेगळा ठेवा. ११० किलो वजन ३०० मीटर उंच न्यायला सुमारे ९० वॉट-तास ऊर्जा लागते. मोटरमधलं नुकसान धरलं आणि सगळा भार तिच्यावरच टाकला, तर बॅटरीतून १२० पर्यंत जातात. म्हणजे वरच्या बॅटरीचा पाव भाग एकाच टेकडीने खाल्ला. तुम्ही निम्मं काम केलंत तर निम्मा वाचतो. दोन तासांच्या फेरफटक्याला ४००-५०० वॉट-तास पुष्कळ झाले. त्याहून मोठी बॅटरी म्हणजे जास्त किंमत आणि जास्त ओझं.

ती फ्रेमच्या खालच्या नळीवर किंवा नळीत असावी. मागच्या कॅरिअरवर बसवलेली बॅटरी शहरात ठीक आहे. कच्च्या वाटेवर तीन-साडेतीन किलो उंचावर आणि मागे लटकले की सायकल वळताना डोलते. बॅटरी किल्लीने काढता यावी, म्हणजे घरात चार्ज करता येते आणि सायकल उचलतानाही तेवढं ओझं कमी होतं.

सुरक्षिततेत तडजोड करू नका. संपूर्ण विद्युत यंत्रणेसाठी यूएल २८४९, नुसत्या बॅटरीसाठी यूएल २२७१, युरोपीय सायकलींसाठी ईएन १५१९४, यांपैकी काय लागू आहे ते विचारा आणि प्रमाणपत्र पाहा. जुने सेल घालून पुन्हा बांधलेली बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. हीच बॅटरी चार वर्षांनी नवी मिळेल का, हेही आजच विचारा. पूर्ण चार्जिंगच्या पाचशे-हजार फेऱ्यांनंतर क्षमता उतरत जाते. एखाद्या खास आकाराची बॅटरी बाजारातून गेली तर चांगली सायकलही नुसती जड सायकल होऊन बसते.

आराम कुठून येतो

लोक सगळ्यात आधी जाड, मऊ सीट दाबून बघतात. आरामाचा क्रम माझ्या लेखी असा: फ्रेमचं माप, टायर, सीटची रुंदी, मग शॉकअप.

दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहा. आडव्या नळीच्या वर निदान पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. ओबडधोबड जमिनीवर अचानक उतरावं लागतं, म्हणून खाली वाकलेल्या फ्रेमची सायकल कुणालाही सोयीची, त्यात कमीपणा काही नाही. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की खाली गेलेला पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. हँडल सीटच्या उंचीचं किंवा जरा वर. मनगटावर भार येत असेल तर हँडल दूर आहे.

टायर २.१ ते २.६ इंच रुंद असावेत. चार इंची फॅट टायर वाळूत आणि बर्फात कामाचे, इतर ठिकाणी ते जड पडतात, बॅटरी खातात आणि हवा थोडी जास्त झाली तरी चेंडूसारखे उसळतात. हवेचा दाब हा सर्वांत स्वस्त शॉकअप आहे. टायरवर लिहिलेला कमाल आकडा भरण्याची सवय सोडा, २.४ इंची टायरला, टायरवरच्या किमान मर्यादेच्या खाली न जाता, २२ ते ३० पीएसआयमध्ये सुरुवात करा, मागे पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त. फारच कमी केलात तर दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या की काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

पुढे ८० ते १०० मिलिमीटर दबणारा शॉकअप पुरतो. पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्त ई-सायकल टाळा. मागच्या जोडांत लवकरच खेळ येतो, वजन वाढतं, आणि ते पैसे कापलेले असतात ते ब्रेकमधून. पाठ दुखत असेल तर स्प्रिंगवाला सीटपोस्ट नंतर लावता येतो.

चालवून बघताना

गावातल्या सरळ रस्त्यावर सुसाट चक्कर मारून काही कळत नाही. खालच्या पातळीवर मदत ठेवून जागेवरच लहान गोल फिरा, दोन्ही बाजूंनी. मोटर धक्का देते का, पाय थांबवल्यावर किती वेळ ढकलते ते पाहा. मग चढावर थांबा आणि तिथूनच निघा. उतारावर फक्त पुढचा, मग फक्त मागचा ब्रेक लावून बघा. यानंतर मोटर बंद करून अर्धा किलोमीटर चालवा, कारण एखाद दिवशी बॅटरी संपणारच आहे. उतरून 'वॉक मोड' लावा; यात सायकल माणसाच्या चालीने स्वतः पुढे सरकते, आणि उभ्या वाटेवर ती हाताने ढकलायची वेळ आली की हे बटण फार उपयोगी पडतं. बटण सापडायला स्क्रीनमध्ये चार ठिकाणी शोधावं लागत असेल तर ते नसल्यात जमा.

शेवटी सायकल उचला. घराला जिना असेल किंवा ती गाडीमागच्या रॅकवर न्यायची असेल, तर २२ आणि २८ किलोतला फरक तिथेच कळेल. रॅकवर किती वजन चालतं तेही तपासा.

आणखी एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा: मागचं चाक पंक्चर झालं तर काय करायचं? हब मोटरच्या चाकाची वायर आधी सोडवावी लागते. तिच्या जोडाच्या दोन्ही तोंडांवर बाणाच्या खुणा असतात. जोड ओढताना पिळायचा नाही, सरळ ओढायचा. बसवताना बाण समोरासमोर आणायचे, नाहीतर आतल्या पिना वाकतात. मग दोन्ही बाजूंचे नट, बहुधा १८ मिलिमीटरचे. नटाखाली एक खाचेत बसणारा वॉशर असतो, तो मोटरचा दांडा जागच्या जागी फिरू देत नाही. तो विसरला किंवा उलटा बसला तर मोटर जोर लावताच दांडा फिरून वायर पिळवटते. खोलण्याआधी फोनवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. दुकानदाराने हे हसतमुखाने करून दाखवलं, तर पुढची सर्व्हिसही त्याच्याकडे नीट होईल असं समजायला हरकत नाही.

घरी आणल्यावर

चार्जर सायकलसोबत आलेलाच वापरा. २ अँपिअरच्या चार्जरवर वरच्या उदाहरणातली १३ अँपिअर-तासांची बॅटरी भरायला साडेसहा-सात तास लागतात, तेवढा वेळ ती आसपास माणूस असताना आणि बाहेर पडायच्या दारापासून लांब ठेवा. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका, सेल आतून कायमचे खराब होतात. महिनाभर चालवणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा. धुताना पाण्याचा जोरदार फवारा मोटर आणि जोडांवर मारू नका. ओलं फडकं आणि ब्रश पुरतो.

पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सायकल दुकानात नेऊन स्पोक कसून घ्या. हब मोटरच्या मागच्या चाकावर वजनही असतं आणि ओढही, त्यामुळे नवे स्पोक हमखास सैल होतात. घरी तपासायचं असेल तर शेजारचे दोन-दोन स्पोक बोटांत धरून दाबत चाकाची फेरी पूर्ण करा. जी जोडी इतरांपेक्षा मऊ लागेल तिथे खडूने खूण करा आणि मेकॅनिकला दाखवा.